कॅलेंडरची जागा

माझं लहानपण दोनदा झालं. पहिलं गावात, ते चौथीपर्यंत चाललं आणि संपलं. दुसरं साठीला आल्यावर रॉटरडॅममध्ये झालं, सगळं जग दार लावून घरात बसलं होतं तेव्हा. पहिल्याबद्दल मी मागे थोडं लिहिलं आहे, हे दुसऱ्याबद्दल. साठीला कसलं मोठं होणं, असं कोणी म्हणेल. पण चारचौघांत तोंड उघडायला माणूस ज्या वयात शिकतं तेच त्याचं मोठं होण्याचं वय, असं मला आता वाटतं. मला ते वय मुलाच्या घरी आलं.

राहुलचे वडील वारल्यावर मी त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी गेले होते. नात पाहायची, ती प्रसिद्ध ट्यूलिपची फुलं पाहायची आणि पाऊस लागायच्या आत परत यायचं असा बेत होता. फुलं पाहिलीच नाहीत. विमानं बंद झाली, मग सुरू झाली, तर आमच्या गावाकडे आजार पेटला होता म्हणून राहुल सोडेना, आणि असं करता करता दुसरा हिवाळा आला. घर चौथ्या मजल्यावर. खाली कालव्याचं पाणी, पलीकडे ट्रामचे रूळ आणि फार लांब बंदरातल्या क्रेनच्या उंच माना. सीगल पक्षी खिडकीच्या कट्ट्यावर आपल्याकडच्या कावळ्यांसारखे हक्काने येऊन बसायचे आणि भाकरीचा तुकडा दिला की तो उचलून, नापसंत पडल्यासारखा पाण्यात टाकायचे. राहुल निजायच्या खोलीत बसून काम करायचा. सून प्रज्ञा जेवणाच्या टेबलावर. तिचं ऑफिस लांब ब्रेडा नावाच्या गावाला, पण ते सगळं ऑफिस आता त्या टेबलावर आलं होतं आणि टेबल माझ्या शेगडीपासून हातभर लांब. मी फोडणी दिली की आवाज ब्रेडाला जायचा. एकदा मोहरी तडतडली तेव्हा तिकडच्या साहेबाने विचारलं, तुमच्याकडे गारा पडतायत का. तेव्हापासून आमचं ठरलं की प्रज्ञा आपला आवाज बंद करून एक हात वर करेल, मग मी मोहरी टाकायची. तेल तापवून, मोहरीची वाटी हातात धरून मी तिच्या हाताकडे बघत उभी राहायची. पळायच्या शर्यतीत शिट्टीची वाट बघतात तशी. ठेच्याची तर सोयच नव्हती. मिरच्या भाजल्या की छताला लावलेलं धुराचं यंत्र कोकलायचं आणि राहुल खुर्चीवर चढून टॉवेलने त्याला वारा घालायचा. भाकरी मात्र जमली. त्या काचेच्या शेगडीवर ती फुगेना, तेव्हा प्रज्ञाने एका सुरिनामी, मूळच्या आपल्याकडच्या, माणसाच्या दुकानातून जाड लोखंडी तवा आणला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मी मुळात कमी बोलणारी. विहारात कार्यक्रम असला की मी मागे, खिरीच्या पातेल्यापाशी. नोकरीतही तसंच. मी जिल्ह्याच्या दवाखान्यात सफाईला होते. वॉर्ड आणि वॉर्डाचे संडास माझ्याकडे. तिथे माझ्याशी कोणी बोललं तर ते काम सांगायला, आणि कामाला उत्तर लागत नाही. राहुल कोणाला माझी ओळख करून द्यायचा तेव्हा म्हणायचा, "आई आरोग्य खात्यात होती." खोटं काही नव्हतं त्यात. मीही मान हलवायची.

नात मित्रा तेव्हा अकरा वर्षांची होती. पूर्ण नाव संघमित्रा, पण शाळेत ते कोणाला जमेना. ती होंकबाल खेळायची. तिथले लोक बेसबॉलला असं म्हणतात. पळताना जिथे पाय टेकवायचा त्या जागेला, म्हणजे बेसला, होंक म्हणायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मोटारीचा खेळ आहे. तिचे प्रशिक्षक एल्विन म्हणून होते, कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरचे, काळेसावळे, खूप हसणारे. त्यांच्या बेटावरची पोरं म्हणे अमेरिकेत जाऊन मोठ्या संघांतून खेळतात. मैदानाला कुलूप लागलं तेव्हा एल्विनने पोरांना रोज संध्याकाळी, जेवणाआधी, पडद्यावर बोलवायला सुरुवात केली. घरातल्या घरात उड्या मारायला लावायचे, भिंतीवर मोज्यांचा चेंडू फेकायला लावायचे, आणि शेवटी एकाने सांगायचं की आजच्या दिवशी अमेरिकेतल्या खेळात काय झालं. कोणाचा जन्म, कोण गेलं, कोणी कोणता विक्रम मोडला. हे सांगायचं काम मित्राने मागून घेतलं. आणि ती त्याची तालीम करायची माझ्यासमोर, कारण घरात कॉलवर नसलेलं माणूस मी एकटीच होते.

"आज्जी, लिसन. आज कोण यारिख आहे माहितीय?" यारिख म्हणजे ज्याचा वाढदिवस आहे तो. मग ती एक नाव सांगायची, ते माझ्या एका कानातून दुसऱ्या कानात जायचं, पण गोष्ट राहायची. कोणी बाई लहानपणी चालू शकत नव्हती आणि पुढे पळण्यात पहिली आली. कोणी बॉक्सर म्हातारपणी बोलू शकत नव्हता, पण लोक त्याला बघायला रस्त्यावर उभे राहायचे. मी वाटाणे सोलत ऐकायची. एक दिवस हातातली शेंग हातातच राहिली. माझ्या लक्षात आलं की हे मला माहीत आहे. हा दिनविशेष आहे. आमच्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात गुरुजी रोज खडूने लिहायचे, दिनविशेष, आणि खाली जयंती नाहीतर पुण्यतिथी. प्रार्थनेनंतर पाचवीपासून वरच्या मुली तो मोठ्याने वाचायच्या, मान वर करून, सगळ्या शाळेसमोर. आमच्या खालच्या वर्गांना ते वाचायला मिळत नसे. मी पाचवीत गेले की माझा नंबर लागणार होता. पण धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून मी पाचवीत गेलेच नाही, आणि नंबर राहिला.

मी मित्राला मराठी शब्द द्यायला लागले. ती मला म्हणाली, "आज एक फेमस पिचर मेला."

"मेला म्हणू नये. वारले म्हणावं."

"पण तो खूप आधी मेला, आज्जी. मी जन्मायच्या आधी."

"तरी वारलेच. आणि त्या दिवसाला म्हणायचं पुण्यतिथी."

"आणि बर्थडे म्हणजे वाढदिवस."

"माणूस जिवंत असेल तर वाढदिवस. गेल्यावर जयंती."

"म्हणजे मराठीत मेलेल्या लोकांचा बर्थडे बंद नाही होत?"

"ज्याचा बंद होऊ नये असं लोकांना वाटतं, त्याचा नाही होत."

हे तिला इतकं आवडलं की ती दिवसभर घरात जयंती, जयंती करत फिरली. आमच्या समाजात चौदा एप्रिलला नुसतं जयंती म्हणतात, कोणाची ते सांगावं लागत नाही. तेही तिला सांगितलं.

त्याच सुमारास कॅलेंडर आलं. खालच्या मजल्यावर योके नावाच्या डच आजी राहायच्या. मी त्यांच्या दारात शंकरपाळ्यांचा डबा ठेवला, आठवड्याने डबा परत आला, धुतलेला, आणि आत गुंडाळलेलं एक लांबट कॅलेंडर. त्याला वर्ष नाही, वार नाहीत, नुसत्या तारखा आणि समोर रेघ. प्रज्ञा हसायला लागली. म्हणाली, "आई, हे वाढदिवसांचं कॅलेंडर आहे. इथे प्रत्येक घरात असतं, आणि ते संडासात लावतात."

मला वाटलं माझी गंमत करायली. पण खरंच तशी पद्धत. इथे संडास म्हणजे एक वेगळी छोटी खोली, एवढासा नळ, फरशी चकचकीत, आणि दारावर आतून हे कॅलेंडर. बसल्याबसल्या दिसतं, की परवा कोणाचा वाढदिवस. वाढदिवस विसरला तर तिथल्या लोकांना फार लागतं. योकेबाईंचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांच्या संडासातल्या कॅलेंडरवर त्याचं नाव होतं, असं त्यांनीच प्रज्ञाला जिन्यात सांगितलं. राहुलने हसत हसत खिळा मारला. "आता आपण पक्के इथले झालो," असं तो म्हणाला.

ते भरायचं काम मित्राचं. घरचे काळ्या शाईने, खेळाडू लाल शाईने, खेळाडूंची गर्दी जास्त. एक दिवस ती आतूनच ओरडली, "आज्जी, तुझा बर्थडे एक जून. आजोबांचा पण एक जून. मम्माच्या आई-पप्पांचा पण एक जून. हे पॉसिबल नाहीये."

आम्ही सगळे हसलो. तिला समजावून सांगावं लागलं की आमच्या वेळी आईबापांना तारीख ठाऊक नसायची, मग पोरगं शाळेत घालताना गुरुजी एक जून लिहून टाकायचे. अख्ख्या महाराष्ट्रात आमच्या वयाची निम्मी माणसं एक जूनची.

"मग तुझा खरा बर्थडे नाहीच?"

"मला जन्म आहे," मी म्हटलं, "तारीख नाही."

तिला हे अजिबात पटलं नाही. ज्या पोरीला अमेरिकेतल्या वारलेल्या खेळाडूंच्या तारखा पाठ, तिच्या घरातच चार माणसं एका खोट्या तारखेवर उभी. पण तिने एक जूनच्या रेघेवर चारही नावं बारीक अक्षरांत बसवली.

एप्रिल जवळ आला तसं राहुलने तिला भाषण टाइप करून दिलं. नेदरलँड्समधली आपली कुटुंबं जयंतीला एकत्र जमायची, त्या वर्षांत पडद्यावर, आणि मुलं दोन-दोन मिनिटं बोलायची. मित्रा त्याआधी एकदाच बोलली होती, सभागृहात, फार लहान असताना. "आज आपण सगळे इथे जमलो आहोत," असं म्हणायचं होतं, तिच्या तोंडून आलं, "आज आपण सगळे इथे जळलो आहोत." सभागृह हसलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण तिने माइक टेबलावर ठेवला आणि खाली उतरली, आणि त्यानंतर आईबापांनी मराठीत विचारलं तरी डचमध्ये उत्तर द्यायला लागली. राहुलच्या मनाला ते फार लागलं होतं. यंदा ती बोलली नाही तर आता कधीच बोलणार नाही, असं तो म्हणायचा, आणि मलाही तेच वाटायचं. पाचवीत माझा नंबर राहिला, तिचा राहू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

पण टाइप केलेलं भाषण तिला पाठ होईना. तिच्या डोक्यात दुसरंच होतं. एल्विनने तिला पंधरा एप्रिलसाठी एका खेळाडूबद्दल वाचायला सांगितलं होतं. अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या संघांतून पूर्वी काळ्या माणसांना खेळू देत नसत, आणि त्या भिंतीतून आत शिरलेला तो पहिला. पंधरा एप्रिलला तो पहिल्यांदा मैदानावर उतरला. आता दर वर्षी त्या दिवशी सगळे खेळाडू, गोरे-काळे सगळे, पाठीवर त्याचाच नंबर लावून खेळतात.

"आज्जी, चौदाच्या नेक्स्ट डे आहे," ती म्हणाली. "लोक त्याला खूप वाईट बोलायचे. आणि त्याला सांगितलं होतं, सुरुवातीला तू काहीच उलट बोलायचं नाही. का पण?"

मी तिला आमच्या शाळेतलं पाणी सांगितलं. माठ ओट्यावर, शिपाई वर उभा, आम्ही खाली. तो वरून ओतायचा.

"आणि तुम्ही काय करायचे?"

"ओंजळ धरायचो."

तिने माझा हात घेतला आणि त्याची ओंजळ करून बघितली, बोटांतून पाणी गळलं असतं का ते. त्या दिवशी तिने ठरवलं, की भाषणात दोघांचं सांगायचं, चौदाचं आणि पंधराचं. आणि त्याच दिवशी तिने माझ्याकडून एक शब्द देवनागरीत लिहून घेतला आणि गिरवला. स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलेला तिचा तो पहिला शब्द. तो तिने कुठे लिहिला, ते मला माहीत नव्हतं.

जयंतीच्या आधीच्या रविवारी राहुल संडासातून बाहेर आला तो एप्रिलचं पान हातात घेऊन. टराटरा फाडलेलं. चौदा तारखेसमोर निळ्या शाईने, शेजारी चांदणी काढून, लिहिलं होतं: जयंती.

"हे कोणी लिहिलं?"

मित्राचा चेहरा आधी खुलला. तिला वाटलं, पप्पांना आवडलं.

"संडासात?" राहुल म्हणाला. "जयंती संडासात लिहिलीस तू? तुला कळतं का काय केलंस ते?"

"राहुल, तिला काय माहीत," प्रज्ञा म्हणाली. "इथे सगळे तिथेच लिहितात."

"सगळे काय करतात ते मला सांगू नको. मला माहीत आहे ना काय असतं ते."

मित्रा डचमध्ये काहीतरी भराभर बोलली, मग इंग्रजीत, एवढंच, की मी बोलणार नाही, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी कणीक मळत होते, मळतच राहिले. खरं सांगायचं तर त्या पानावर तो शब्द बघून मलाही क्षणभर नको वाटलं होतं. राहुल उगाच रागावला असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

पुढचे दिवस घर मुकं होतं. प्रज्ञाने हात वर केला की मोहरी तडतडायची, तेवढाच आवाज. मी आत जाऊन बसले की समोर मार्चनंतर एकदम मे दिसायचा. सकाळी भाकरी थापत होते तेव्हा राहुल चहा घ्यायला आला. कानात त्याची ती फोनची पांढरी गोळी होतीच.

"राहुल, ते पान कुठं टाकलंस?"

"आई, तू यात पडू नको."

"पडंना. विचारायले."

"टाकलं नाही." त्याने चहा ओतून घेतला. "कसं टाकणार. त्यावर लिहिलंय ना. पुस्तकांच्या कपाटात ठेवलंय."

"तिनं मराठीत लिहिलेलं ते पहिलंच. वेलांटी पण बरोबर दिली."

"आई, जागा बघ ना. जागा."

"काय आहे जागेला?"

"तुला मी सांगू?" त्याचा आवाज खाली आला. "त्या वासातून बाहेर यायला मला किती वर्षं लागली तुला कल्पना नाही. पुण्यात हॉस्टेलवर होतो तेव्हा मला वाटायचं, माझ्या पुस्तकांना येतोय तो."

आमच्या घरी तेव्हा वीज नव्हती. दवाखान्यात संडासांच्या दारासमोर एक बाकडं होतं आणि वरचा दिवा कधी विझत नसे. शाळा सुटली की राहुल तिथे येऊन बसायचा, तिथेच त्याचा अभ्यास. इंजिनीअरिंगला गेला तोपर्यंत त्याचं टेबल म्हणजे ते बाकडं. मी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"कोणता वास रे? माझ्या वॉर्डात वास नव्हता. बाकीच्यांच्या असेल. दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टर आमच्याकडं संडासला यायच्या."

त्याने कप ओट्यावर ठेवला. मग त्याच्या कानातल्या गोळीत कोणीतरी त्याचं नाव घेतलं, आणि "येस, येस, आय ॲम हिअर," म्हणत तो आत गेला. चहा तसाच राहिला.

मित्राकडे गेले तर ती पलंगावर मोज्यांचा चेंडू झेलत पडली होती. "मी नाही बोलणार, आज्जी. पप्पा म्हणाले मी इन्सल्ट केला."

"तू नाही केलास. मी त्याला सांगितलं."

"किचनमध्ये सांगितलंस." चेंडू वर गेला, खाली आला. "तू पण कुठे बोलतेस सगळ्यांसमोर? यू नेव्हर टॉक."

मी बाहेर येऊन खिरीचे तांदूळ निवडायला बसले.

चौदा एप्रिलला मी पांढरी साडी नेसले. खीर केली, फोटोला हार घातला, टेबलावर संगणक. पडद्यावर चौकोनच चौकोन, प्रत्येकात एक घर, आणि कितीतरी चौकोनांत माझ्यासारखी अडकून राहिलेली एखादी आई नाहीतर सासू, कपाळच दिसेल अशी बसलेली. वंदना झाली. आम्स्टरडॅमला नोकरी करणारे कांबळे म्हणून सूत्रसंचालन करत होते. मुलं एकामागून एक बोलली. मग ते म्हणाले, "आता रॉटरडॅमहून आपली संघमित्रा."

संघमित्राचं दार बंद. राहुल पुढे झुकला आणि म्हणाला, "सॉरी दादा, तिची तब्येत जरा..." पुढचं मी त्याला बोलू दिलं नाही. त्याच्या खांद्याला हात लावला, त्याने सवयीने एक बटण दाबलं, तो उठला, आणि मी खुर्चीवर बसले. माझे पाय जमिनीला पुरत नव्हते हे मला तेव्हा कळलं.

मी बोलायला लागले. पहिलं वाक्य चांगलं झालं, दुसरं त्याहून चांगलं. जन्मात पहिल्यांदा इतकं बोलत होते आणि मला नवल वाटत होतं की घसा कसा सुकत नाही. सगळे चौकोन हात हलवायला लागले. मला वाटलं, कौतुक करतायत.

"आज्जी," मागून आवाज आला. मित्रा दारात उभी होती. "यू आर ऑन म्यूट."

ती आली, माझ्या खांद्यावरून वाकली, एक बटण दाबलं. "आता बोल. परत पहिल्यापासून."

"आजचा दिनविशेष," मी म्हटलं. मान वर केली, त्या पाचवीच्या मुली करायच्या तशी. "आज जयंती, ती सगळ्यांना माहीत आहे. उद्या आणखी एकाचा दिवस आहे, तो माझ्या नातीनं मला सांगितला. अमेरिकेत गोरे लोक काळ्या लोकांना आपल्यात खेळू देत नव्हते. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. आपल्याकडं तरी पाणी वरून ओता असं कुठं लिहिलेलं होतं. मग एक जण आत गेला. लोक शिव्या द्यायचे. त्याला सांगितलं होतं, उलट बोलायचं नाही. मला वाटायचं, गप्प बसणं म्हणजे संपलं. पण तो गप्प राहून पळाला. या होंकवरून त्या होंकवर."

"त्याने बेस चोरला, आज्जी," मित्रा म्हणाली. "ते सांग. स्टील केलं."

"चोरी नाही हो," मी चौकोनांना म्हटलं. "खेळात चालते ती."

लोक हसले. मित्रा माझ्या अर्ध्या खुर्चीवर बसली. तेव्हा मी बाकीचंही सांगून टाकलं. म्हटलं, "आमच्या घरात जयंती कुठं लिहिली होती, सांगते. संडासात. इथल्या लोकांचं वाढदिवसांचं कॅलेंडर असतं, त्यावर हिनं निळ्या शाईनं लिहिली. माझ्या मुलाला वाईट वाटलं. त्याचं बरोबर आहे. पण मी नोकरीभर दवाखान्यातले संडास धुतले. आरोग्य खातं म्हणजे तेच. हा माझा मुलगा त्या दारासमोरच्या दिव्याखाली बसून शिकला. तर आमच्या घरात तरी त्या जागेला कमी म्हणायचं कारण नाही. ती स्वच्छ ठेवली की झालं."

राहुलने मागून माझ्या खुर्चीची पाठ धरली. मग एका चौकोनातलं कपाळ खाली झालं आणि त्याचा चेहरा झाला. माझ्याच वयाची बाई. "ताई," ती म्हणाली, "मी नगरपालिकेत झाडायला होते. माझी सून म्हणते, नगरपालिकेत होत्या." तिची सून मागे ओशाळून हसली. कांबळे म्हणाले, "आजी, आमच्याकडेही ते कॅलेंडर तिथेच आहे. आम्ही अजून कोरंच ठेवलंय."

"तुमचा बर्थडे कधी असतो?" मित्राने त्या बाईंना एकदम विचारलं.

"माझा? एक जून."

दुसऱ्या चौकोनातून कोणीतरी म्हणालं, "माझापण," आणि तिसऱ्यातून एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना ऐकू कमी येत होतं, त्यांनी मुलाला विचारून घेतलं आणि हात वर केला. मित्रा पोट धरून हसली. तसं ती घरात रविवारपासून हसली नव्हती. मग ती सरळ बसली, केस कानामागे टाकले.

"आज आपण सगळे इथे," ती म्हणाली, थांबली, माझ्याकडे पाहिलं, "जमलो आहोत."

त्यापुढे ती मराठी, इंग्रजी, डच सगळं मिसळून बोलली. दोन मिनिटांचं भाषण किती लांबलं ते कोणी बघितलं नाही. ओंजळीचंही सांगितलं, हाताची ओंजळ करून, कॅमेऱ्यासमोर धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहुल चिकटपट्टी घेऊन आला. दुसऱ्या हातात एप्रिलचं पान आणि बगलेत कॅलेंडर. पान त्याने टेबलावर पालथं घालून मागून नीट जोडलं, फाटलेल्या कडा जुळवून, लहानपणी वह्यांना कव्हर घालायचा तसं मन लावून. पंधरा तारखेसमोर मित्राने लाल शाईने तो नंबर लिहिला, नाव नाही.

"आई, कुठे लावू?" राहुलने विचारलं. "पॅसेजमध्ये खिळा मारू का?"

"मला काय विचारतोस. जिनं लिहिलंय तिला विचार."

मित्रा दात घासत होती. तोंडात फेस तसाच ठेवून म्हणाली, "होतं तिथेच. तिथे सगळे जातात."

राहुल आत गेला आणि जुन्याच खिळ्याला ते लावलं. थोड्या वेळाने आतून नळाचा आणि घासायच्या ब्रशचा आवाज यायला लागला. मी आत डोकावले नाही. प्रज्ञाने टेबलावरून हात वर केला आणि मी मोहरी टाकली.

आता मी माझ्या घरी असते, एकटी. मित्रा फोनवर मराठीच बोलते, चुकते, आणि चुकलं तरी थांबत नाही. तिने पाठवलेलं तसलंच एक कॅलेंडर माझ्या संडासाच्या दारावर आतून आहे. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने विचारलं, "आजी, हे इथं का?" म्हटलं, रोज दिसावं म्हणून. सकाळी मी तिथे असते तेव्हा जे लिहिलं असेल ते मोठ्याने वाचते. छोट्या खोलीत आवाज घुमतो आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जातो. ते रिटायर्ड कंडक्टर आहेत, सकाळी अंगणात पेपर वाचत बसतात. परवा मी बाहेर आले तर ते पेपरवरून बघत म्हणाले, "बाई, जयंती तर काल झाली. आज परत कोणाचा दिनविशेष लावलात?"

मी हात पुसले आणि कुंपणापाशी गेले.

"आज दुसऱ्याचा," मी म्हटलं. "पेपर ठेवा खाली. सांगते."